ग्रेडेड सिल्व्हर ईगल घेताना या चुका टाळा

अमेरिकन सिल्व्हर ईगल १९८६ पासून निघतंय. एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१०३ ग्रॅम चांदी, शुद्धता ९९९, व्यास ४०.६ मिमी, दर्शनी किंमत एक डॉलर. हेच नाणं पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासणाऱ्या कंपन्यांनी तपासून, श्रेणी देऊन स्लॅबमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत, बंद केलं की त्याची किंमत तीन भागांची होते: चांदीची, नाण्याच्या स्थितीची आणि लेबलवरच्या मजकुराची. हे भाग वेगळे न करता एकच आकडा पाहणं ही पहिली चूक.

हिशेब सोपा आहे. चांदीचा किलोचा भाव घ्या, त्याला ०.०३११ ने गुणा. ही झाली धातूची किंमत. (साधा औंस २८.३५ ग्रॅमचा असतो, तो इथे धरू नका.) मग त्याच वर्षाचं सुटं, न तपासलेलं नाणं कितीला मिळतं ते पाहा. त्याच्या वर जे उरतं ते श्रेणीचे आणि लेबलचे पैसे. ते खरंच द्यायचेत का, हे त्यानंतर ठरवा.

७० चा मोह

श्रेणी १ ते ७० या शेल्डन मापावर देतात. एमएस (मिंट स्टेट, म्हणजे चलनात न वापरलेलं) ७० म्हणजे पाच पट भिंगातूनही टांकसाळीनंतरचा दोष दिसत नाही असं नाणं. अलीकडच्या वर्षांची बहुतेक सिल्व्हर ईगल ६९ किंवा ७० मध्येच बसतात आणि या दोनांतला फरक नुसत्या डोळ्यांना सहसा दिसतच नाही. साध्या वर्षाचं ६९ बहुधा सुट्या नाण्याच्या थोडंच वर विकलं जातं. म्हणून अशी नाणी स्वतः तपासायला पाठवण्यात तोटा होतो: शुल्क, जातायेताचं टपाल आणि विमा यांचा खर्च ६९ आल्यावर वसूल होत नाही.

७० साठी जास्त पैसे मोजण्याआधी दोन्ही कंपन्यांच्या संकेतस्थळांवर त्या वर्षाची किती नाणी ७० ठरली आहेत ते पाहा. १९८० च्या दशकातली नाणी नळ्यांमधून एकमेकांवर आपटत फिरली, त्यामुळे त्यांत ७० खरोखर दुर्मीळ आहे. अलीकडच्या वर्षांची ७० हजारोंनी आहेत आणि हा आकडा वाढतच जातो. १९९६ चं नाणं वेगळं: ३६,०३,३८६ ही एका वर्षात निघालेल्या बुलियन, म्हणजे धातूच्या भावावर विकल्या जाणाऱ्या साध्या, सिल्व्हर ईगलची सर्वांत कमी संख्या, त्यामुळे ते ६९ मध्येही महाग असतं.

लेबलचे पैसे कधी द्यावेत

‘फर्स्ट स्ट्राइक’ आणि ‘अर्ली रिलीजेस’ हे शब्द पाहून लोक फसतात. नाणं साच्यातून आधी निघालं असा त्यांचा अर्थ नाही. नाणी कोणत्या क्रमाने ठोकली याची नोंद अमेरिकी टांकसाळ ठेवत नाही. विक्री सुरू झाल्यापासून साधारण पहिल्या ३० दिवसांत नाणं तपासणी कंपनीकडे किंवा मान्य साठ्यात पोचलं, इतकंच ते लेबल सांगतं. त्यासाठी जास्तीचा एक रुपयाही देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

उलट काही वेळा लेबल हाच एकमेव पुरावा असतो. बुलियन नाण्यांवर ती कोणत्या टांकसाळीत ठोकली ते सांगणारं चिन्ह नसतं. २०१५ मध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत फक्त ७९,६४० नाणी ठोकली गेली, आणि एप्रिल २०२० मध्ये साथीच्या काळात तिथेच तातडीने २,४०,००० निघाली. ती ओळखता आली ती ५०० नाण्यांच्या सीलबंद पेटीवरच्या क्रमांकामुळे. असं नाणं स्लॅब फोडून बाहेर काढलं की ते त्या वर्षाच्या इतर लाखो नाण्यांत मिसळून जातं आणि पुन्हा सिद्ध करता येत नाही.

२०२१ चं नाणं घेताना मागची बाजू बघूनच पैसे द्या. त्या वर्षी दोन प्रकार निघाले: ढाल घेतलेला जुना गरुड, आणि फांदी घेऊन उतरणारा नवा.

दुधी डाग

चांदीवर पांढुरके, दुधाच्या थेंबांसारखे डाग उमटतात. नाण्याच्या चकत्या धुताना राहिलेले रसायनाचे अंश हे त्याचं सर्वमान्य कारण. त्रास असा की डाग महिन्यांनी, कधी वर्षांनी, बंद स्लॅबच्या आतही येतात. कॅनडाचं मेपल लीफ हे चांदीचं नाणं यासाठी बदनाम होतं. तिथल्या टांकसाळीने २०१८ पासून हे डाग कमी करणारी ‘मिंटशील्ड’ प्रक्रिया वापरायला सुरुवात केली. डाग चांदी उजळवणाऱ्या द्रावणाने जात नाहीत, आणि तपासणी कंपनी श्रेणीची जी हमी देते तिच्यातून ते सहसा वगळलेले असतात. म्हणून विक्रेत्याकडे नमुन्याचा फोटो नको, त्याच स्लॅबचा, त्याच क्रमांकासह, तिरप्या उजेडातला आजचा फोटो मागा.

घासू नका

देवघरातलं लक्ष्मीचं नाणं रांगोळीने किंवा टूथपेस्टने लख्ख करायची सवय संग्रहाच्या नाण्याला कधीही लावू नका. नाणं फिरवलं की जी चमक चाकासारखी फिरते, ती ठोकताना धातूवर उमटलेल्या बारीक रेषांची असते. एकदा घासलं की त्या रेषा गेल्याच. अशा नाण्याला आकडा मिळत नाही, नुसता ‘डिटेल्स’ शेरा मिळतो.

एकच सफाई चालते, ती पीव्हीसीच्या मऊ पाकिटातून आलेल्या हिरव्या चिकटपणाची. काचेच्या वाटीत शुद्ध अ‍ॅसिटोन घ्या (नेलपॉलिश रिमूव्हर नको), सुटं नाणं काही मिनिटं बुडवा, मग ताज्या अ‍ॅसिटोनमध्ये पुन्हा बुडवा, आणि न पुसता कडेला धरून वाळू द्या. खिडकी उघडी ठेवा, जवळ गॅस पेटवू नका. स्लॅबला अ‍ॅसिटोन लागू देऊ नका, प्लॅस्टिक पांढरं पडतं.

स्लॅब पूर्ण हवाबंद नसतो. रबरबँड, वर्तमानपत्र, पुठ्ठा, लोकर यांतल्या गंधकाने चांदी काळवंडते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यासाठी घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेल हवंच. ते ओलसर झालं की बदला.

बनावट नाणं, बनावट स्लॅब

बनावट स्लॅबवर खरा क्रमांक छापलेला असू शकतो. त्यामुळे संकेतस्थळावर क्रमांक सापडला एवढ्याने थांबू नका. वर्ष, श्रेणी, लेबलचे शब्द आणि तिथे फोटो असेल तर प्रत्येक बारीक खूणही जुळवा.

सुट्या नाण्याची घरी चाचणी होते. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असं लोंबकळत धरा, तळाला टेकू देऊ नका. चांदी असेल तर आकडा २.९७ ग्रॅमच्या आसपास येतो. तितक्याच वजनाचं तांबं साडेतीनच्या जवळ जातं, पितळ त्याहूनही वर. २०२१ च्या नव्या प्रकारापासून कडेच्या खाचांमधली एक खाच मुद्दाम वगळलेली असते, तीही शोधा.

परदेशातून मागवणार असाल तर चांदीच्या आयातीचे त्या वेळचे नियम आधी तपासा, आणि कस्टम्सच्या कागदावर दर्शनी एक डॉलर लिहू नका. शुल्क खरेदीच्या किमतीवर ठरतं. अमेरिकेत राहणाऱ्यांनी वर्षाहून जास्त ठेवून विकलेल्या नाण्यांच्या नफ्यावर २८ टक्क्यांपर्यंत कर धरावा, आणि त्यासाठी प्रत्येक पावतीवर स्लॅबचा क्रमांक लिहून ठेवावा.