आडनाव कुठून आलं, ते असं शोधा

आडनावाचा अर्थ पाहायचा म्हणून आधी शब्दकोश उघडू नका. घरातली सगळ्यांत म्हातारी बाई गाठा. "आपलं आडनाव कोठून आलं व आजी?" असं थेट विचारलं तर "मले काय मालूम बाप्पा" म्हणून ती मोकळी होते. विचारायचं असं: पोरांची जावळं कोणत्या देवाजवळ काढतो, लग्नात देवक कशाचं, सोयरिक कोणाशी चालत नाही. मूळ गाव आणि कूळ यातूनच निघते. मी पांढरकवड्याकडे शाळेत बाबू होतो. वंशावळ लिहून घ्यायला लोक अजून घरी येतात, त्यांना मी आधी हेच करायला लावतो.

मग कागद. शाळेचा दाखल-खारीज (पोरं शाळेत आली-गेली त्याचं रजिस्टर), तहसिलीतली कोतवाल पंजी (जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही), आणि वर्धा-चांद्याकडच्या (चांदा म्हणजे आताचं चंद्रपूर) मालगुजारी गावांसाठी, म्हणजे जिथला सारा मालगुजार गोळा करायचा तिथं, १९५४-५५ चा अधिकार अभिलेख, म्हणजे जमिनीच्या हक्कांची नोंद. नकलेच्या अर्जात नुसतं आडनाव लिहाल तर हात हलवत परत याल. कोतवाल पंजीत बहुतेकदा लेकराचं नाव, बापाचं नाव आणि जात, एवढंच असते. म्हणून पणजोबा, त्यांचे वडील, गाव आणि अंदाजे साल द्या. पुष्कळ घरांचं आडनाव शाळेच्या टेबलावरच पक्कं झालं आहे. बापानं सांगितलं, गुरुजींना जसं ऐकू आलं तसं रजिस्टरवर चढलं. एका बापाची दोन लेकरं, एक वानखडे आणि दुसरा वानखेडे, ती याच्यानं.

आता आडनावाचं शेपूट पाहा. 'कर' असेल तर बहुधा सोडून आलेलं गाव. राहत्या गावात त्या गावाचं नाव लावून कोण कोणाला हाक मारते? गाडगेबाबा १८७६ मध्ये शेंडगावात जन्मले, पण आडनाव जानोरकर. मेळघाटातल्या कोरकूंचं कासदेकर मात्र कुळावरून आलेलं, तिथं नकाशात गाव शोधत बसू नका. 'वार' असेल तर तेलंगणाकडे तोंड करा. तेलुगूत घराण्याच्या नावापुढं 'वारु' लावतात, म्हणजे त्या घरची माणसं. १९६२-६३ मध्ये मुख्यमंत्री राहिलेले चांद्याचे कन्नमवार सगळ्यांना माहीत आहेत. अशी आडनावं आमच्या वणी-पांढरकवड्यापासून गडचिरोलीपर्यंत गावोगाव भेटतात.

देशमुख, पाटील, चौधरी हे हुद्दे. त्यावरून जात ठरवू नका. खरं म्हणजे कोणत्याच आडनावावरून ठरवू नका. मेश्राम गोंडांत आहेत, बौद्धांतही आहेत. तेलंगणातल्या केस्लापूरला पौष अमावस्येला नागोबाची जत्रा भरते, तिचा मान गोंडांतल्या मेश्राम कुळाचा. दुसऱ्या मेश्रामांना त्याचं काही देणंघेणं नाही. गोंडांकडे आडनावाबरोबर "किती देवाचे?" हेही विचारावं लागते, कारण चार, पाच, सहा, सात देवांच्या हिशोबानंच त्यांच्या सोयरिकी ठरतात.

ठेवलेली नावं मला आडनावांपेक्षा जास्त कामाची वाटतात. वंशावळीत उकंडा, धोंडू, दगडू, भिकाजी असं कोणी भेटलं की त्याच्या आधीची भावंडं मृत्यूच्या नोंदींत शोधा. लेकरं जगत नसली की पुढच्याला उकिरड्यावर ठेवून उचलून आणायचे, नाव वंगाळ ठेवायचे, म्हणजे नजर लागत नाही. सोमा, बुधाजी, शुक्रू ही नावं वारावरून. पंजीतली तारीख कोणत्या वारी येते ते पाहिलं की नोंद आपल्याच माणसाची आहे का, याचा थोडा अंदाज येते. नातवाला आजाचं नाव ठेवण्याची रीत असल्यानं एकाच घरात दोन-दोन नामदेव निघतात. प्रत्येकाच्या पुढं बापाचं नाव लिहिल्याशिवाय वंशावळ पुढं नेऊ नका.

बायांचं मात्र उलटं. लग्नात नाव बदललेलं असते, म्हणून आजीचा जन्म तिच्या माहेरच्या गावात, माहेरच्या नावानं शोधा. ते नाव तिच्या भावाच्या घरचे सांगतील.