हिसॉप लावताय? या चुका टाळा

हिसॉप या स्वयंपाकात वापरल्या जाणाऱ्या सुगंधी झुडपाचं रोप तहानेनं क्वचितच मरतं, ते मरतं जास्तीच्या पाण्यानं. भूमध्य समुद्राच्या आसपासच्या कोरड्या, चुनखडीच्या जमिनीत वाढणारी ही वनस्पती. मुळाशी साचलेली ओल तिला सोसत नाही. फसगत अशी होते, की मुळं कुजायला लागली की पानं मलूल होतात, आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, आणि आपण आणखी ओततो. आधी बोट दोन पेरं मातीत खुपसून बघा. ओल लागली तर झारी खाली ठेवा. बुंधा काळा, मऊ पडला असेल तर ते रोप सहसा वाचत नाही. वरचे निरोगी शेंडे बोटभर लांबीचे कापून वाळूमिश्रित मातीत खोचा, त्यातून नवं रोप मिळू शकतं. कुंडी भरतानाच मातीत जाड वाळू मिसळा आणि खाली पाण्याची बशी ठेवू नका.

खताचा हातही आखडता ठेवा. भरपूर खतानं पानं लुसलुशीत होतात, पण वास फिका पडतो. दिवसाला सहा तास ऊन हवंच, नाहीतर फांद्या लांबोळक्या होऊन लोळतात.

छाटणी टाळणं ही मला सर्वांत महागात पडणारी चूक वाटते. दोन-तीन वर्षांत बुंधा लाकडासारखा होतो, मधून रोप उघडं पडतं. वसंतात नवे धुमारे दिसले की छाटा, पण काप हिरव्या पानांच्या वरच घ्या. निव्वळ जून लाकडात कापलं तर तिथून फूट येईलच असं नाही. चार-पाच वर्षांनी रोप बदललेलं बरं. फुलं मात्र सगळी खुडू नका. त्या निळ्या तुऱ्यांवर मधमाश्या तुटून पडतात, ते बघण्यासारखं असतं.

रोप घेताना पान चुरगळून बघा. खऱ्या हिसॉपचं पान अरुंद, वास पुदिना-कापरासारखा. रुंद पानाला बडीशेपेचा वास आला तर ते अनाइस हिसॉप, म्हणजे वेगळीच वनस्पती.

स्वयंपाकात चव कडसर आणि तीव्र, म्हणून सूप किंवा शिजवलेल्या शेंगभाज्यांत चार-पाच कोवळी पानं पुरतात. हिसॉपचं तेल मात्र पोटात घेऊ नका. त्यातल्या पिनोकॅम्फोन या घटकामुळे झटके येऊ शकतात. गरोदर स्त्रियांनी आणि फिट येणाऱ्यांनी ते कटाक्षानं टाळावं.