कागदावरचा रणगाडा टेबलावर: १:३५ मधला ई-५०

प्लास्टिक मॉडेलच्या किटचा डबा उघडण्याआधी एक तारीख ठरवा. माझ्या ई-५० साठी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात आखलेल्या पण कधीच न बनलेल्या जर्मन रणगाड्याच्या १:३५ (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढ्या) मॉडेलसाठी, मी मार्च १९४५ चा शेवट आणि जर्मनीतलं कासेल शहर धरलं. त्याच सुमारास कासेलच्या हेन्शेल कारखान्यातून शेवटचे टायगर २ थेट ५१० आणि ५११ क्रमांकाच्या जड रणगाडा बटालियनच्या हाती दिले गेले. युद्ध लांबलं असतं आणि ई-५० उत्पादनात आला असता, तर तो असाच घाईघाईत, रंग जेमतेम वाळलेला असताना बाहेर पडला असता.

ई-५० कागदावरच राहिला. जर्मन लष्कराच्या शस्त्रास्त्र विभागात हाइनरिख क्नीपकाम्प या अभियंत्याच्या पुढाकाराने ‘ई’ मालिका आखली गेली. पंथर रणगाड्याच्या जागी ई-५०, टायगर २ च्या जागी ई-७५, आणि आकडा म्हणजे टनांतलं ढोबळ वजन. या मालिकेतल्या ई-१०० चा अर्धवट सांगाडा तेवढा पाडरबोर्नजवळ हाउस्टेनबेकला उभा राहिला. पुढे तो ब्रिटिशांनी तपासणीसाठी इंग्लंडला नेला. ई-५० च्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

“मग कसाही रंगवा, कोण तपासणार?” असं बरेच जण म्हणतात. मला हे मुळीच पटत नाही. हा रणगाडा बनला असता तर त्याच कारखान्यांत, त्याच पत्र्यांतून, त्याच वेल्डरांच्या हातून बनला असता. म्हणून माझा नियम असा: मॉडेलवरच्या प्रत्येक गोष्टीला खऱ्या, बनलेल्या रणगाड्याचा आधार पाहिजे.

तारीख ठरली की निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून चिलखतावर लावायचा त्सिमेरिटचा लेप सप्टेंबर १९४४ मध्ये बंद झाला, तेव्हा तो या मॉडेलवर नको. रबर वाचवण्यासाठी चाकं पोलादी रिमची. एक्झॉस्टवर ज्वाळा झाकणारे डबे, कारण पंथरवर ते १९४४ च्या शरदात आले. रात्री बघायचं एफजी १२५० हे इन्फ्रारेड उपकरण काही पंथरांवर बसवलं गेलं होतं, त्यामुळे कमांडरच्या झाकणाशी ते लावायचं असेल तर खुशाल लावा. टरेट, म्हणजे तोफेचा फिरता बुरुज, पंथर एफसाठी आखलेला अरुंद ‘श्मालटुर्म’. अंतरमापकासाठी त्याच्या दोन्ही बाजूंना आलेले फुगवटे नीट गोल राहिले पाहिजेत, सँडपेपर मारताना तिथे हात आवरा.

ट्रम्पेटर कंपनीचं १:३५ मधलं किट चांगला पाया आहे. तरी पट्टी जवळ ठेवा. ७.५ सेंमी तोफेच्या नावातला एल/७० म्हणजे नळीची लांबी व्यासाच्या सत्तर पट. ७५ मिमी गुणिले ७० म्हणजे ५२५० मिमी, भागिले ३५ म्हणजे १५० मिमी. तुम्ही ८.८ सेंमी एल/७१ तोफ बसवत असाल तर तोच हिशेब १७८ मिमीच्या थोडा पुढे जातो. नळीचा काही भाग टरेटच्या आत जातो हे धरून मापा. दोन अर्ध्या भागांत आलेली नळी असेल तर सांधा उभा न घासता गोल फिरवत घासा, नाहीतर वरची बाजू सपाट होते आणि ती रंगाखालीही लपत नाही.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो बाजूच्या पातळ पत्र्यांनी. पंथरवरचे हे पत्रे ५ मिमी जाडीचे होते. १:३५ मध्ये ते झाले ०.१४ मिमी. प्लास्टिकमध्ये इतका पातळ भाग ओतता येत नाही. किटचा पत्रा ०.८ मिमीचा असेल तर तो खऱ्या मापात २८ मिमी होतो, म्हणजे चिलखतच झालं. मी किटचा भाग साचा म्हणून वापरतो आणि ०.१५ मिमी पितळी पत्र्यातून नवे कापतो. शिवाय पितळ वाकतं. एखादा कोपरा बोटाने किंचित मुडपला की खरा पत्रा वाटतो.

आता वेल्ड. इथे मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण जर्मन सांगाड्याची ओळख इथेच आहे. समोरचा जाड पत्रा आणि बाजूचा पत्रा दात एकमेकांत अडकवून जोडलेले असत. सांध्याच्या जागी बारीक खाच कोरा. स्प्रूचा, म्हणजे किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचा, तुकडा मेणबत्तीवर धरून ओढा आणि अर्ध्या मिलिमीटरचा धागा काढा. तो खाचेत बसवून वर पातळ लिक्विड सिमेंट (प्लास्टिक मऊ करून जोडणारा गोंद) सोडा. दोन-तीन मिनिटांत धागा मऊ पडतो. मग बोथट पात्याच्या टोकाने जवळजवळ, किंचित तिरके ठसे मारत जा. ठसे सारखे येऊ देऊ नका. घाईतल्या कारखान्यातला वेल्ड कुठे फुगतो, कुठे दबतो. ज्योतीने कापलेली पत्र्याची कड दाखवायला बारीक दातांची करवत कडेवरून एकदाच हलकी ओढा. त्या समांतर रेषा नंतरच्या वॉशमध्ये, म्हणजे खाचांत सोडायच्या पातळ गडद रंगात, खुलतात. तोफेच्या मुळाशी असलेलं आवरण मात्र ओतीव आहे. त्यावर मिस्टर सरफेसर ५०० हा दाट प्रायमर आखूड केसांच्या ब्रशने ठोकून लावा, वाळल्यावर वरून हलका पॉलिशपेपर फिरवा.

सस्पेन्शन पंथरपेक्षा वेगळं आहे. पंथरचे टॉर्शन बार (पिळले जाऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे) सांगाड्याच्या तळातून आडवे जात. ई-५० मध्ये स्प्रिंगचे संच बाहेरून बसवायची योजना होती, दर बाजूला तीन, प्रत्येकावर दोन चाकं. हे संच चिकटवताना मॉडेल काचेवर ठेवा आणि गोंद वाळेपर्यंत सगळी चाकं काचेला टेकलेली आहेत का ते पाहत राहा. एक चाक जरी वर राहिलं तरी ५० टनांचं वजन नजरेतून निघून जातं.

रंगाकडे येऊ. फेब्रुवारी १९४३ पासून मूळ रंग गडद पिवळा, जर्मन रंगसूचीतला आरएएल ७०२८. त्यावर हिरवा ६००३ आणि तांबूस तपकिरी ८०१७. पण १९४४ च्या शरदात कारखान्यांना पूर्ण पिवळा थर न देता लाल प्रायमरवरच रंगाचे पट्टे मारायला सांगितलं गेलं. आपल्या तारखेला हेच शोभतं, आणि तपकिरीचं काम प्रायमरच करतो.

माझा क्रम असा. आधी सगळं मॉडेल एअरब्रशने लाल: टामिया कंपनीच्या एक्सएफ-९ रंगात थोडा एक्सएफ-७. एक भाग रंग, दीड भाग एक्स-२०ए थिनर, दाब साधारण १५ पीएसआय. मास्क घाला, खिडकी उघडा. एक दिवस वाळू द्या. जिथे लाल राहायला हवा तिथे ब्लू टॅक या चिकट लगद्याच्या बारीक वळ्या कडेने लावा, आतला भाग मास्किंग टेपने झाका आणि पिवळा एक्सएफ-६० मारा. वळी गोल असल्याने कड अगदी धारदारही होत नाही आणि धूसरही नाही. हिरव्यासाठी एक्सएफ-५८, पुन्हा तशीच वळी. पिवळ्या आणि हिरव्या, दोन्हींत मी थोडा एक्सएफ-५७ बफ घालतो, कारण लहान वस्तूवर शुद्ध रंग फार काळपट दिसतो. पिवळा रंग पातळच ठेवा, खालचा लाल किंचित जाणवला तर उत्तम. निशाणी म्हणून दोन्ही बाजूंना फक्त क्रॉस पुरे. घाईत निघालेल्या गाडीवर टरेट क्रमांक मी टाकत नाही.

डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायच्या निशाण्या) बसले की एक्स-२२ चा चकचकीत थर, आणि त्यावर बर्न्ट अंबर ऑइल रंग व्हाइट स्पिरिटमध्ये पातळ करून. ब्रशचं टोक वेल्डला फक्त टेकवा, रंग आपोआप खाचेतून पळत जातो. वीसेक मिनिटांनी जास्तीचा भाग ओलसर ब्रशने वरून खाली पुसा. मग मॅट थर.

वेदरिंगमध्ये, म्हणजे झीज आणि मळ दाखवताना, बहुतेक ई-५० माझ्या मते बिघडतात. गंजाचे ओघळ, चहूकडे उडालेले टवके, हे पाच वर्षं उन्हापावसात पडलेल्या गाडीचं रूप आहे. आपला रणगाडा कारखान्यातून कालपरवा निघालाय. टवके फक्त झाकणांच्या कडांना आणि सैनिक पाय देऊन चढतात तिथे. तेही चंदेरी नकोत, खालचा लाल दिसेल असे. तोफ फारशी डागलेलीच नाही, म्हणून नळीच्या तोंडाला काजळी नको.

उलट चाकांवरून फिरणारे साखळीचे पट्टे आणि चाकं पहिल्या काही किलोमीटरांतच झिजतात. पट्ट्यांना एक्सएफ-६४ आणि काळ्याचं मिश्रण द्या, वर मातीच्या रंगाची पिगमेंट पूड, आणि जमिनीला टेकणाऱ्या कडांवर ६बी पेन्सिल घासा. पोलादी रिम पोलादी पट्ट्यावर फिरते, म्हणून पट्ट्याच्या आतल्या बाजूला चाकांच्या वाटेवर चकाकणाऱ्या रेघा उमटतात. तिथेही पेन्सिल फिरवा, आणि रिमच्या कडेवरही. मार्चअखेरची माती ओली असते: खाली गडद आणि जाड, वर चढताना फिकट, आणि मडगार्डच्या वर जवळजवळ काहीच नाही.

एरियल सगळ्यात शेवटी लावा, नाहीतर प्रत्येक टप्प्यावर बाहीत अडकून मोडते. खरी काठी दोन मीटरची, म्हणजे आपली ५७ मिमी. ओढलेला स्प्रू चालतो, पण मी बारीक स्टीलची तार वापरतो, ती वाकली तरी परत सरळ होते.