एसयू कार्बोरेटरचं डॅम्पर ऑइल: या चुका टाळा

जुन्या पेट्रोल अँबॅसडर, मॉरिस मायनर, एमजी, मिनी, जॅग्वार. या गाड्यांच्या एसयू कार्बोरेटरवर ॲल्युमिनियमचा एक घुमट असतो आणि त्याच्या डोक्यावर पितळी किंवा काळ्या प्लास्टिकचं टोपण. टोपण फिरवून वर ओढलं की त्याला लटकलेली बारीक दांडी बाहेर येते. हा डॅम्पर. तो ज्या तेलात बुडतो ते जेमतेम चमचाभर असतं, पण ते संपलं किंवा चुकीचं पडलं की रेस देताच गाडी गचके खाते. मग मालक प्लग बदलतो, पॉइंट बदलतो, कॉइल बदलतो, आणि टोपण काही कोणी उघडून बघत नाही.

आधी एक खुलासा. प्रीमियर पद्मिनीवर सोलेक्स कार्बोरेटर असतो, त्यात हे तेल नसतंच. त्याचा ॲक्सिलरेटर पंप वेगळा. पद्मिनीचा पिकअप गेला असेल तर तिकडे बघायचं.

डॅम्परचं काम एवढंच आहे. ॲक्सिलरेटर एकदम दाबला की घुमटातला पिस्टन वर उसळू पाहतो. तो झटक्यात वर गेला तर हवा भसकन आत येते, पेट्रोल मागे राहतं, मिश्रण क्षणभर लीन होतं आणि कार्बोरेटर फटकन खोकतो. तेल पिस्टनला वर जाताना थोडं रोखून धरतं. तेवढ्या वेळात जेटवरची (पेट्रोल वर येण्याच्या बारीक भोकावरची) ओढ वाढते आणि पेट्रोल जास्त येतं. खाली येताना मात्र डॅम्परचा एकतर्फी व्हॉल्व्ह पिस्टनला मोकळं सोडतो.

म्हणजेच एका वेगाने चाललेल्या किंवा स्लोवर उभ्या गाडीच्या मिश्रणाशी या तेलाचा संबंध नाही. सिग्नलला बंद पडणारी गाडी तेल बदलून सुधारणार नाही. आणि याची उलट बाजू जास्त महाग पडते: तेल संपल्यामुळे येणारा गचका घालवायला गॅरेजमध्ये जेटचा नट फिरवून गाडी रिच (पेट्रोल जास्त, हवा कमी) केली जाते. गचका थोडा कमी होतो, पण प्लग काळे पडतात आणि ॲव्हरेज कोसळतं. म्हणून जेटला हात लावण्याआधी टोपण उघडा.

डब्यावरच्या आकड्याला फसणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. जुन्या ब्रिटिश हँडबुकांमध्ये एसएई २० तेल (एसएई म्हणजे तेलाच्या जाडपणाची श्रेणी) सुचवलेलं असतं. आपल्याकडे दुकानात २०डब्ल्यू-५० किंवा २०डब्ल्यू-४० मिळतं, त्यावर २० छापलेलं दिसतं, आणि तेच ओतलं जातं. पण त्यातला 'डब्ल्यू'वाला २० हा शून्याखालच्या थंडीतल्या चाचणीचा आकडा आहे आणि ५० हा १०० अंश सेल्सिअसला मोजलेला. कार्बोरेटर या दोन्हींच्या मध्ये राहतो. पेट्रोलची वाफ होताना तो उलट गार होत असतो. त्यामुळे बघायचा तो ४० अंशांचा जाडपणा, आणि तो कंपनीच्या डेटाशीटवर (तेलाच्या माहितीपत्रकावर) सेंटिस्टोक या एककात दिलेला असतो. एसएई २० तिथे साधारण ६० ते ७० सेंटिस्टोक भरतं. २०डब्ल्यू-५० दीडशेच्या पुढे जातं. दुपटीहून जाड!

जाड तेलाने पिस्टन वर जायला आळस करतो. रेस दिली की गाडी आधी गुदमरते, मागून काळ्या धुराचा भपका येतो, मग वेग पकडते. महाबळेश्वरच्या जानेवारीतल्या सकाळी हे स्पष्ट जाणवतं. नागपूरच्या मे महिन्यात तेच तेल चालून जातं आणि मालकाची समजूत होते की तेल बरोबर आहे. नंतरच्या काही हँडबुकांमध्ये सरळ 'इंजिन ऑइल' असं लिहिलेलं आहे आणि २०डब्ल्यू-५० घालून फिरणाऱ्या एमजी पुष्कळ आहेत. त्याने काही मोडत नाही. तरीही माझं मत पातळ तेलाच्या बाजूचं आहे.

सिंगल ग्रेड एसएई २० आपल्याकडे किरकोळ दुकानात शोधत बसू नका. कोणत्याही एमआयडीसीजवळच्या ऑइलच्या दुकानात '६८ नंबर' हायड्रॉलिक ऑइल मागा. ते ४० अंशांना ६८ सेंटिस्टोक असतं, म्हणजे नेमकं एसएई २० च्या पट्ट्यात. एक लिटरमध्ये कित्येक वर्षं निघतात, म्हणून चार गाडीवाल्यांनी मिळून घ्यावं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, एटीएफ, याच्या निम्म्याच जाडपणाचं आहे. थंड प्रदेशात किंवा पिकअप फार जड वाटत असेल तर करून बघण्यासारखं.

शिलाई मशीनचं तेल फारच पातळ, ते घालणं म्हणजे जवळजवळ काहीच न घालणं. फोर्क ऑइलचे (मोटरसायकलच्या पुढच्या फोर्कमधल्या तेलाचे) आकडे कंपनीगणिक बदलतात, तिथेही डेटाशीटच बघा. गिअर ऑइलची मोजपट्टी वेगळी: त्यातलं ९० हे इंजिन ऑइलच्या ४०-५० च्या घरातलं, म्हणून नको. ब्रेक ऑइल तर अजिबात नको. रंगावर सांडलं तर रंगही जातो.

पातळी आणि टोपण

काठोकाठ भरलं की जास्तीचं तेल इंजिनात ओढलं जातं आणि जळतं. मग 'तेल पितोय' म्हणून पुन्हा काठोकाठ भरतात. पातळी मोजायची ती पिस्टनच्या पोकळ दांडीच्या (डॅम्पर जिच्यात बुडतो तिच्या) वरच्या काठापासून. टोपणाला बारीक भोक असेल तर तेल त्या काठाच्या १३ मिलिमीटर वर. टोपण बिनभोकाचं आणि घुमटाच्या मानेत आतून आडवं भोक असेल, तर काठाच्या १३ मिलिमीटर खाली. मापपट्टी लागत नाही. डॅम्पर खाली सोडताना टोपणाचे आटे लागायच्या थोडं आधी हाताला अटकाव जाणवला की भोकवाल्यात तेल पुरेसं आहे.

ही दोन टोपणं एकमेकांच्या जागी बसतात, ही खरी पंचाईत. ज्या घुमटाला आतून वाट नाही त्यावर बिनभोकाचं टोपण चढवलं तर हवा कोंडते आणि पिस्टनची हालचाल बिघडते. भंगारातून किंवा ऑनलाइन सुटा डॅम्पर घेताना आपल्या घुमटाची मान आधी तपासा.

तेल बरोबर, तरी गचका

इंजिन बंद करून एअर फिल्टर काढा आणि पिस्टन बोटाने वर उचला. वर जाताना जड लागला पाहिजे. सोडल्यावर विनाअडथळा खाली येऊन 'टक' असा आवाज झाला पाहिजे. वर जाताना हलका लागला तर तेल नाही किंवा डॅम्परचा व्हॉल्व्ह झिजलाय. खाली येताना अडकला तर मळ साचलाय, घुमटाला पोचा आलाय किंवा नीडल (पिस्टनची जेटमध्ये उतरणारी सुई) जेटला घासतेय, आणि यातलं काहीच तेलाने सुटत नाही.

साफ करताना पॉलिश पेपर लावू नका. पिस्टन आणि घुमटामधली फट जेमतेम असते, ती वाढली की जोडी वाया. कापडाला पेट्रोल लावून पुसा आणि पिस्टनचा बाहेरचा घेर कोरडाच बसवा. तेलाचे दोन थेंब फक्त पिस्टनच्या दांडीला. दोन कार्बोरेटर असतील तर एकाचा पिस्टन दुसऱ्याच्या घुमटात जाऊ देऊ नका, आणि दोन्हीत एकाच डब्यातलं तेल एकाच पातळीला भरा.

ट्रायम्फसारख्या गाड्यांवरच्या, असाच तेलाचा डॅम्पर असलेल्या स्ट्रॉमबर्ग कार्बोरेटरमध्ये तेल आठवड्यात गायब होत असेल, तर नीडल ॲडजस्टरची ओ-रिंग (रबरी कडी) बहुतेक कडक झालेली असते. तेल खालून झिरपत राहतं. तिथे टॉप-अप करत बसण्यापेक्षा ती छोटी रिंगच बदला.