स्वादुपिंडाच्या ऑपरेशननंतर: घरी येण्यापासून पहिल्या स्कॅनपर्यंतची तयारी

डिस्चार्जच्या दिवशी घरी पोचायची घाई असते, तरी निघण्याआधी डॉक्टरांकडून एवढं लिहून घ्या: काय काढलं आणि काय कशाला जोडलं. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्याकडे असली की बहुधा व्हिपल नावाची शस्त्रक्रिया होते, म्हणजे ते डोकं, लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा तुकडा जातो. शेपटीकडची असली तर अनेकदा प्लीहाही (जंतुसंसर्गाशी लढायला मदत करणारा पोटातला अवयव) काढावी लागते. तसं असेल तर न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल आणि हिब या जंतुसंसर्गाविरुद्धच्या लसींपैकी कोणत्या झाल्या, कोणत्या राहिल्या, ते तारखेनिशी फाइलमध्ये हवं. प्लीहा नसलेल्या माणसाला ताप आला तर सकाळ उजाडायची वाट पाहू नका. तडक दवाखाना गाठा.

बायोप्सीचा रिपोर्ट आला की त्याच्या दोन-तीन प्रती काढा. गाठीचा प्रकार, कडा मोकळ्या आहेत का (म्हणजे काढलेल्या भागाच्या काठावर गाठीच्या पेशी नाहीत ना), लसीकाग्रंथींमध्ये (लिम्फ नोडमध्ये) काही सापडलं का, या तीन गोष्टी पुढे प्रत्येक डॉक्टर विचारतो. पोटात नळी ठेवून घरी पाठवलं असेल तर रोज किती पाणी आलं आणि रंग कसा होता, याची वही ठेवा.

आता एन्झाइमच्या, म्हणजे अन्न पचवायला मदत करणाऱ्या कॅप्सूल. माझ्या दादाच्या वेळी आम्ही सगळ्यांत जास्त इथेच चुकलो. जेवण झाल्यावर गोळ्या घ्यायची सवय असते, पण या कॅप्सूल पहिल्या घासांबरोबर घ्यायच्या असतात, आणि जेवण लांबलं तर काही मध्येही. चावायच्या नाहीत, गरम पेयाबरोबर नाहीत, आणि मधल्या वेळच्या खाण्यालाही लागतात. शौच तेलकट, फिकट, तरंगणारं आणि फ्लश करूनही चिकटून राहणारं होत असेल तर चरबी पचत नाहीये. आम्ही ‘पचत नाही’ म्हणून त्याचं खाणंच कमी केलं आणि वजन उतरत गेलं. खरं तर डॉक्टरांकडून डोस वाढवून घ्यायला हवा होता. जेवण थोडं थोडं, पाच-सहा वेळा.

घरी ग्लुकोमीटर असू द्या, कारण स्वादुपिंड कमी झालं की आधी नसलेला मधुमेहही होऊ शकतो. थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, लघवी गडद, यातलं काही दिसलं की लगेच डॉक्टरांना फोन करायचा. तो नंबर घरातल्या प्रत्येकाकडे हवा.

स्कॅनच्या आठवड्यात क्रिएटिनिनची (मूत्रपिंडं नीट चालतात का ते दाखवणारी) रक्ततपासणी करून ठेवा. कॉन्ट्रास्टची (चित्र स्पष्ट यावं म्हणून स्कॅनच्या वेळी देतात त्या औषधाची) ॲलर्जी पूर्वी झाली असेल तर ते आधीच सांगा. मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशी राहायच्या दिवशी त्याचं काय करायचं, हेही आदल्या दिवशीच विचारा. जुन्या स्कॅनच्या नुसत्या कागदी रिपोर्टवर भागत नाही, चित्रांची सीडी बरोबर न्या. ऑपरेशनचा प्रकार आणि तारीख चिठ्ठीवर लिहिलेली असू द्या, नाहीतर ऑपरेशननंतरची सूज आणि साचलेलं पाणी उगाच संशयास्पद वाटू शकतं. सीए १९-९ ही गाठीवर लक्ष ठेवायची रक्ततपासणी करायला सांगितली असेल तर एका आकड्यावर झोप उडवू नका. पित्त अडलं तरी तो वाढतो, आणि काही लोकांच्या शरीरात तो तयारच होत नाही. आधीच्या आकड्यांशी ताडून पाहायचा. गाठ न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींपासून झालेली) असेल तर तपासण्या वेगळ्या असतात, काही वेळा डोटाटेट पेट स्कॅन हा अशा गाठी शोधणारा खास स्कॅनही.

डॉक्टरांची वेळ स्कॅनच्या आधीच घ्या, शक्यतो लगेचच्या दिवसाची. रिपोर्ट मोबाइलवर आधी येतो. तो कोण उघडणार, की डॉक्टरांसमोरच उघडायचा, हे घरात ठरवून ठेवा. आम्ही पहिला रात्री साडेअकराला उघडला. त्यातल्या एका शब्दाचा अर्थ सांगायला कुणी नव्हतं, आणि वहिनी पहाटेपर्यंत पायरीवर बसून होती. दुसऱ्या दिवशी कळलं, तो शब्द ऑपरेशनच्या व्रणाबद्दल होता. पुढच्या वेळेपासून तो मोबाइल माझ्याकडे असतो, आणि डॉक्टरांच्या खोलीत शिरेपर्यंत मी तो उघडत नाही.