डोळ्यातला मेलानोमा परतला, पुन्हा प्लाक बसवायचा आहे: आधी काय जमवायचं

मेलानोमा हा रंगपेशींचा कर्करोग, आणि प्लाक म्हणजे गाठीच्या जागी डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीवर टाके घालून काही दिवस बसवलेली, किरण सोडणारी छोटी चकती. बॅग नंतर भरा, आधी जुने कागद शोधा. मागच्या वेळी डोळ्यात कुठे किती रेडिएशन गेलं हे कळल्याशिवाय या वेळचा डोस ठरत नाही, आणि डिस्चार्ज कार्डावर बरेचदा ‘प्लाक ब्रॅकीथेरपी केली’ (म्हणजे चकती लावून जवळून रेडिएशन दिलं) एवढीच ओळ असते. रेडिएशन विभागातून ट्रीटमेंट समरी मागून घ्या. प्लाकमध्ये किरण देणारा पदार्थ रुथेनियम-१०६ होता की आयोडीन-१२५, प्लाकचा व्यास, गाठीच्या टोकाला आणि डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीला किती ग्रे (रेडिएशनच्या डोसचं माप) मिळाले, डोळ्याच्या नसेला किती, बसवल्या-काढल्याची तारीख नि वेळ, हे सगळं तिच्यात आहे ना, ते तिथेच उभं राहून तपासा. नुसते तास सांगून भागत नाही. रुथेनियमची ताकद सुमारे ३७२ दिवसांत निम्मी होते. तोच प्लाक वर्षाने वापरला तर तेवढ्याच डोसला जवळपास दुप्पट वेळ लागतो. या वेळी जास्त दिवस सांगितले म्हणजे डोस वाढवला असं समजून घाबरू नका.

पडद्याचे जुने फोटो आणि बी-स्कॅन (डोळ्याची सोनोग्राफी) मूळ फाइलमध्ये आणा. मोबाइलवर काढलेल्या फोटोत मोजपट्टी कापली जाते, मग गाठीची उंची कशी मोजणार? उंची महत्त्वाची, कारण रुथेनियमचे बीटा किरण फार खोल जात नाहीत. साधारण ५-६ मिलिमीटरपर्यंतच्या गाठीला ते पुरतात. गाठ मागच्या उपचाराच्या डागाच्या कडेला उगवली की मधोमध, हेही फोटोंवरूनच कळतं. मधोमध असेल तर दोन्ही डोस एकाच जागी पडतात. तिथली भिंत आधीच पातळ झालेली असेल तर टाके धरत नाहीत, पुढे ती झिजू शकते.

हा कर्करोग बहुधा यकृतात पसरतो. त्यामुळे यकृताची सोनोग्राफी किंवा एमआरआय प्लाकआधीच उरका.

रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्या डोससकट लिहून भूलतज्ज्ञांना दाखवा, मनाने बंद करू नका. ऑपरेशनं दोन असतात, बसवायचं आणि काढायचं. काढायच्या दिवशी सकाळी चहा-बिस्किट खाऊन आलेल्या रुग्णाचं ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं, आणि प्लाक ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त राहिला की डोसही वाढतो. उपाशी राहण्याच्या वेळा दोन्ही दिवसांच्या लिहून घ्या.

प्लाक डोळ्यावर असेपर्यंत गरोदर बाई आणि लहान मुलं भेटीला नकोत. सोबतीला कोण, ते आधी ठरवा.

संमतिपत्रावर सही करण्याआधी एक प्रश्न थेट विचारा: भूल दिल्यावर आत गाठ अंदाजापेक्षा मोठी दिसली तर प्लाक बसवणार, थांबणार की डोळा काढणार? उत्तर कागदावर लिहून घ्या, आणि ‘उजवा’ की ‘डावा’ हे पूर्ण शब्दात.