स्वतःच्या डिझाइनचं ब्रिक मॉडेल बनवताय? या चुका टाळा

लेगोच्या सेटमधल्या पुस्तिकेप्रमाणे मॉडेल जोडताना किचकट गणितं डिझायनरने आधीच सोडवून ठेवलेली असतात. मनातलं मॉडेल बांधायला घेतलं की ती सगळी आपल्या गळ्यात पडतात, आणि हौशी मंडळी नेमकी तिथेच अडकतात. दोष मात्र ‘माझ्याकडे भाग कमी आहेत’ यावर जातो. तेव्हा लेगोची ही तीन मापं आधी पाठ करून टाका: दोन स्टडच्या (भागावरच्या गोल उंचवट्यांच्या) मध्यांतलं अंतर ८ मिमी, ब्रिकची (विटेसारख्या भागाची) उंची ९.६ मिमी, प्लेटची (चपट्या भागाची) ३.२ मिमी.

प्रमाण सगळ्यात शेवटी ठरवणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. गाडी बनवणारे बरेच जण दिवे, जाळी, बॉनेट असं आवडीचं आधी बांधतात आणि मग त्याला शोभतील अशी चाकं शोधत बसतात. बॉडी हवी तशी कमीजास्त करता येते, चाकं मात्र मोजक्याच मापांत मिळतात. म्हणून जो भाग बदलता येत नाही, त्यावरून प्रमाण काढा. समजा, हाताशी ४३ मिमी व्यासाचे टायर आहेत आणि खऱ्या गाडीचं चाक ६५ सेंमीचं आहे. प्रमाण झालं साधारण १:१५. मग साडेचार मीटरची गाडी ३० सेंमीची, म्हणजे साडेसदतीस स्टड लांब होते आणि १.८ मीटर रुंदीचे १५ स्टड होतात. इमारत असेल तर हेच गणित दार-खिडकीपासून सुरू करा.

रुंदी सम की विषम, हेही त्याच वेळी ठरवायचं. १५ स्टडमध्ये बरोबर मधे एक स्टड येतो, त्यामुळे बॉनेटवरचा मधला पट्टा सहज बसतो. १४ किंवा १६ घेतले तर मध्य दोन स्टडच्या मधल्या रेषेवर जातो, आणि एक स्टड रुंदीच्या प्रत्येक मधल्या भागाला जंपर प्लेट (स्टड अर्ध्या अंतराने सरकवणारी प्लेट) लावत बसावं लागतं. अर्ध्यात रुंदी बदलायची म्हणजे अख्खं मॉडेल उसवणं आलं.

मिनिफिगर, म्हणजे लेगोची छोटी माणसाची बाहुली, बसवायची असेल तर थोडी तडजोड करा. तिची उंची सुमारे ४ सेंमी, म्हणजे माणसाच्या उंचीशी तुलना केली तर साधारण १:४२. पण ती अंगाने इतकी रुंद असते की त्या प्रमाणातल्या गाडीत दोघी शेजारी मावत नाहीत. इथे डोळ्याला पटेल ते प्रमाण धरावं. काटेकोरपणाचा हट्ट फुकट जातो.

आडव्या भागांत फट राहणं

स्टड बाजूला वळवून बांधायला लागलो, म्हणजे ज्याला हौशी लोक ‘स्नॉट’ म्हणतात ते सुरू झालं, की फटी दिसू लागतात. आडवी केलेली प्लेट ३.२ मिमीच्या पटीत वाढते आणि आजूबाजूची चौकट ८ मिमीच्या. दोन्हींचा मेळ बसतो तो १६ मिमीवर: पाच प्लेट म्हणजे दोन स्टड. ब्रॅकेट (काटकोनात वळलेला पातळ भाग) वापरलं तर आणखी एक सोय होते. त्याची उभी पट्टी १.६ मिमी जाड असते, त्यावर दोन प्लेट चढवल्या की बरोबर ८ मिमी, म्हणजे एक स्टड भरतो.

फट दिसलीच तर आधी ती किती आहे ते बघा. अर्ध्या प्लेटएवढी असेल, तर बहुधा एकाच पृष्ठभागामागे काही ठिकाणी ब्रॅकेट आणि काही ठिकाणी बाजूला स्टड असलेली ब्रिक अशी सरमिसळ झालेली असते. दोन्हींपैकी एकच ठेवा.

फट बुजवायला प्लेट दोन स्टडच्या मधे उभी खुपसू नका. स्टडचा व्यास ४.८ मिमी, म्हणजे मधली जागा ३.२ मिमी आणि प्लेटही तेवढीच. ती शिरते, पण जराही सैलपणा उरत नाही आणि प्लास्टिकवर सतत ताण राहतो. वाकलेल्या जागी पांढरट रेघ दिसली की तो जोड बदलाच. आणि घट्ट बसलेली प्लेट काढायला सेपरेटर (भाग सुटे करायचं अवजार) असतो, दात नव्हे.

स्क्रीनवर उभं, टेबलावर आडवं

स्टुडिओसारख्या, स्क्रीनवर मॉडेल जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये एका स्टडवर लटकलेला पंखही हवेत छान दिसतो. शिवाय तिथे कोणताही भाग कुठेही टाकता येतो. प्रत्यक्षात तो बसवायला बोट पोचणार आहे का, हे तपासायचं राहून जातं. म्हणून मॉडेल तळापासून एकेक पायरी करत पुन्हा मांडून बघा आणि सांधा, बिजागरी, लांब छत एवढे तुकडे तरी आधी हातातल्या कुठल्याही रंगाच्या भागांतून बांधा.

छत मधे वाकत असेल तर प्लेटचे दोन थर द्या आणि वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ देऊ नका. उंच भिंत थरांत सुटत असेल तर आत टेक्निकचा, म्हणजे लेगोच्या भोकं असलेल्या भागांचा, आधार घाला: दोन टेक्निक ब्रिकच्या मधे दोन प्लेट ठेवल्या की भोकं बरोबर १६ मिमी अंतरावर येतात, आणि उभा बीम दोन पिनांनी कुलपासारखा बसतो. मान वाकणारा डायनासोर असेल, तर साध्या बिजागरीऐवजी टकटक आवाज करत अडणारी दातेरी बिजागरी घ्या.

रंगांचं थोडक्यात. २००४ च्या सुमारास लेगोने राखाडी रंगाच्या छटा बदलल्या, त्यामुळे जुने-नवे राखाडी एका भिंतीत मिसळले की ठिगळ दिसतं. जुने आतल्या भरावाला वापरा. काही वर्षांपूर्वीचे तांबूस तपकिरी भाग ठिसूळ निघतात, त्यांना क्लिप किंवा ताणाच्या जागी लावू नका. सॉफ्टवेअरने दाखवलेला प्रत्येक भाग प्रत्येक रंगात कधी निघालेलाच असतो असं नाही, तेव्हा यादी रंगांसकट तपासल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.